पायथनची ऑफलाइन स्थापना

पायथनची ऑफलाइन स्थापना म्हणजे पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा इंटरनेटची जोडणी नसलेल्या संगणकावर बसविण्याची पद्धत होय. प्राथमिक अभ्यासक्रमासाठी प्रयोगशाळेतील अनेक संगणक सज्ज करताना ती उपयुक्त ठरते.

स्थानिक संदर्भ

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. या वनप्रदेशात पावसाळ्यात दळणवळण खंडित होते. पर्लकोटा नदीला पूर आल्यास भामरागडचा संपर्क तुटतो. त्यामुळे अशा ठिकाणी आवश्यक फाइल पावसाळ्यापूर्वीच उतरवून ठेवणे सोयीचे असते.

आवृत्तीची निवड

गिडो व्हान रॉसम यांनी निर्माण केलेली पायथन १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य व मुक्तस्रोत आहे. पायथन २ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबल्याने नव्या विद्यार्थ्यांना पायथन ३ शिकविली जाते. ३.९ व त्यापुढील आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. म्हणून जुने संगणक असल्यास आवृत्ती आधी तपासावी लागते. सर्व संगणकांवर एकच आवृत्ती असल्यास शिक्षकाने दाखविलेला परिणाम प्रत्येकाच्या पडद्यावर सारखाच दिसतो.

कृती

विंडोजसाठीची संपूर्ण स्थापना-फाइल सुमारे २५ ते ३० एमबीची असून ती पेनड्राइव्हवरून प्रत्येक संगणकावर नेता येते. स्थापनेच्या पहिल्याच खिडकीत तळाशी पायथनचा ‘पाथ’मध्ये समावेश करण्याची चौकट असते. तिच्यावर खूण करायची राहिल्यास कमांड प्रॉम्प्टला पायथन सापडत नाही आणि नवशिक्या विद्यार्थ्याला चूक आपलीच असल्याचे वाटते. ‘आयडल’ हा संपादक व चित्रे काढण्याचे ‘टर्टल’ हे मॉड्यूल सोबतच मिळतात. त्यांसाठी पुन्हा इंटरनेट लागत नाही. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात विकसित झालेल्या ‘थॉनी’ या संपादकात पायथन अंतर्भूत असल्याने तेथे एकच स्थापना पुरते.

देवनागरीचा वापर

पायथन ३ युनिकोडवर आधारित असल्याने चलाला ‘वय’ असे मराठी नाव देता येते. विद्यार्थ्याने ‘१२’ असे टंकलेले उत्तरही ‘इंट’ या फलनाद्वारे पूर्णांकात रूपांतरित होते. मात्र भाषेचे राखीव शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात आणि प्रोग्रॅममध्ये थेट लिहिलेल्या संख्यांना देवनागरी अंक चालत नाहीत.