टर्बो आणि त्याचे वंगण

यंत्रांचा इतिहास सांगणारे बहुधा शोधकाचे नाव देऊन थांबतात. यंत्र पुढे कोणाच्या हाती गेले आणि त्या हाताला आधीची कोणती सवय होती, हे सांगावयाचे राहूनच जाते. श्रोतेहो, आज ते शिरूर तालुक्यापुरते सांगावयाचे आहे.

मांडवगण फराट्यासारख्या भीमाकाठच्या गावांना डिझेलची ओळख प्रथम झाली ती पाण्याच्या इंजिनामुळे. खडकीचा किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ सालचा. त्याचे इंजिन मोठे सोशिक. वाफे भिजले की चटकन बंद करावे, त्याची काही तक्रार नसे. डिझेल म्हणजे असेच, ही समजूत त्यातून हातांत मुरली.

टर्बोची कथा याहून जुनी आहे. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबावी, या कल्पनेचे पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले. मोटारीत तो आला १९६२ साली, अमेरिकेच्या ओल्डस्मोबिल जेटफायर व शेवरले कॉर्व्हेअर या गाड्यांतून. आपल्याकडे १९९८ साली पुण्याच्या टाटा सफारीत आणि २००२ साली नाशिकच्या स्कॉर्पिओत तो दिसला. मग तो थेट शिरूर तालुक्यातच तयार इंजिनावर बसू लागला. रांजणगावला फिएट व टाटा यांच्या भागीदारीच्या कारखान्यात अवघ्या १,२४८ घन सेंटिमीटरचे टर्बो-डिझेल इंजिन होऊ लागले. २००८ सालच्या इंडिका व्हिस्टात ते होते.

आता या चाकाचा दांडा पाहा. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे तो घेतो, आणि टेकतो कशावर, तर तेलाच्या पातळ थरावर! एका बारीक नळीने तेल येते आणि जाड नळीने खाली चेंबरमध्ये उतरते. महामार्गावरून भरधाव आलेली गाडी ढाब्यावर थांबवून लगेच किल्ली फिरवली, की तेलाचा पंप थांबतो. पण धुराच्या बाजूचे तापलेले बीड आपली उष्णता दांड्याकडे सोडीतच राहते. अडकलेले तेल करपते, त्याचा कोळसा होतो. असे वारंवार झाले की बारीक नळी तुंबते, बुश झिजतात, निळा धूर येऊ लागतो. गळके तेल हवेच्या वाटेने आत गेले, तर डिझेल इंजिन किल्ली काढल्यावरही त्या तेलावरच पळत सुटते, आणि हा प्रसंग जिवावरचा असतो.

उपाय मिनिटभराचा: भरधाव प्रवासानंतर इंजिन तेवढे मंद चालू ठेवावे. गावातून हळूहळू अंगणात आलेल्या गाडीला मात्र पाच मिनिटे घुरघुरत ठेवणारेही मी पाहतो. ते डिझेल फुकट जाते. वाटेत टर्बो आपोआप निवलेला असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठरल्या वेळी तेल व फिल्टर बदलणे. इथे वाचवलेले पैसे टर्बो व्याजासकट वसूल करतो.

२०२० साली भारत स्टेज सहाचे नियम आले आणि रांजणगावचे ते डिझेल इंजिन थांबले. त्याआधीच, २०१७ पासून, तिथे टर्बो-पेट्रोलची नेक्सॉन होऊ लागली होती. पेट्रोलचा धूर डिझेलहून तापट, म्हणून अशा अनेक टर्बोंच्या खोळीत पाणी खेळवलेले असते. जुन्या डिझेल गाड्या अजून गॅरेजात येतात. जाणता मिस्त्री नवा टर्बो बसवण्यापूर्वी ती बारीक नळी आधी बदलतो. नाहीतर जुन्या कोळशाने नवाही जातो.