तीन अक्षरे आणि मराठी विरोप

सिंगापुरात कायदा च्युइंगगमलाही आहे, मग नको असलेल्या विरोपांना कसा नसेल? २००७ साली इथे 'स्पॅम कंट्रोल ॲक्ट' आला. २४ तासांत १०० हून जास्त जाहिराती पाठवल्या की त्या घाऊक ठरतात आणि न मागता पाठवलेल्या अशा विरोपाच्या विषयाआधी कोनी कंसात 'एडीव्ही' ही तीन अक्षरे लिहावी लागतात.

जुरोंग ईस्टच्या आमच्या लहानशा कचेरीचा लिनक्स मेल सर्व्हर मी सांभाळतो. ती अक्षरे दिसली की विरोप बाजूला टाक, हा नियम लिहायला फार वेळ लागत नाही. पण चोर कधी बेल वाजवून घरात शिरतो का, तुम्हीच सांगा!

शिवाय पाठवणारा चोरच असतो असेही नाही. मे २००० मध्ये मनिलाहून 'आय लव्ह यू' सुटला. प्रेमपत्र समजून फाइल उघडली की तो तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांकडे तुमच्याच नावाने जायचा. फिलिपाईन्समध्ये तेव्हा लागू पडेल असा कायदाच नव्हता. आरोप सोडून द्यावे लागले.

मग लोकांनी गाळण्या बांधल्या. २००१ मध्ये जस्टिन मेसनचा स्पॅमअसॅसिन आला, २००२ मध्ये क्लॅमएव्ही. क्लॅमएव्हीचे काम सरळ आहे: माहीत असलेल्या विषाणूंचे ठसे जुळवणे. ठशांची यादी ताजी ठेवली की झाले. स्पॅमअसॅसिन मात्र एकेका खुणेला गुण देतो आणि बेरीज पाच झाली की विरोपावर शिक्का मारतो. खरी मेख इथे आहे. पॉल ग्रॅहमने २००२ च्या आपल्या लेखात चांगल्या पत्रांतले शब्द मुद्दाम दुप्पट मोजले होते. जाहिरात सुटली तर चालेल, पण खरे पत्र अडकायला नको. भारतात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक विरोपही होते. त्यात असा दुप्पट हिशेब नव्हता. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, कलम गाजले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले.

आता आपल्या मराठीचे. देवनागरी मजकूर बरेच मेल प्रोग्रॅम 'बेस६४' मध्ये गुंडाळून पाठवतात. ही मजकूर लपवायची स्पॅमवाल्यांचीही जुनी युक्ती, म्हणून स्पॅमअसॅसिनमध्ये तिच्यासाठी नियम आहे. म्हणजे आईने मराठीत लिहिले तर पहिला संशय तिच्यावर! तिचा पत्ता विश्वासू यादीत घालता येतो, पण 'आय लव्ह यू' ओळखीच्याच पत्त्यावरून यायचा. गाळणीला शिकवताही येते. मात्र निदान २०० चांगली आणि २०० वाईट पत्रे दाखवल्याशिवाय तिचा तो भाग तोंड उघडत नाही, आणि सगळी इंग्रजीच दाखवली तर मराठी शब्द तिला अनोळखीच राहतात.

म्हणून आमच्याकडे स्पॅमचा शिक्का बसलेले काहीच पुसत नाही. ते वेगळ्या खणात जाते आणि दर शुक्रवारी मी तो खण चाळतो. बहुतेक लॉटऱ्याच असतात.