गाण्यातला कायदा आणि कोर्टातला कायदा



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तथागतांचे चरित्र, धम्मदीक्षेचा इतिहास, माता रमाईचा त्याग या विषयांवर लेख येतात आणि ते आलेच पाहिजेत. आम्ही यंदा थोडा वेगळा विषय घेतला आहे. कायदा, वकील आणि गुन्हा यांवर आपल्या लोकांनी जी गाणी रचली, गायली, त्यांचा हा इतिहास. आम्ही काही विद्वान नाही. गिरणीत साच्यावर हयात गेली, पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं आणि वस्तीतल्या जुन्या मंडळींकडून जे ऐकलं, त्यातून हे लिहीत आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या समाजात कायदा पुस्तकातून आला नाही, तो गाण्यातून आला. ज्यांना सही करता येत नव्हती, अंगठा उठवावा लागत होता, त्या माणसांना तळ्यावर आपला हक्क आहे हे कोणत्या वकिलाने घरी येऊन सांगितलं? ते सांगितलं जलसेवाल्यांनी, ढोलकी-तुणतुण्यावर.

चोर कोणाला म्हणायचे?

बाबासाहेबांच्या आधी आपल्या माणसांनी कायदा पाहिला तो पाठीवर. मनुस्मृती हा नुसता धर्मग्रंथ नव्हता, ते दंडाचं पुस्तक होतं. गुन्हा एकच, पण वर्ण पाहून शिक्षा वेगळी. इंग्रजांनी १८६० साली दंडविधान केलं, ते कागदावर सर्वांना सारखं झालं. पण कचेरीतला कारकून, दस्तऐवज लिहिणारा, वकील हे सगळे कोण होते? महात्मा फुले यांनी १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात ही कचेरीतली नागवणूक उघडी केली आहे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि रोखे जाळले, ते उगीच नाही. कागद हाच आपला वैरी, अशी लोकांची भावना झाली होती. त्यानंतर सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. लोकांना समजेल अशा भाषेत बोलायचं तर पोवाडा पाहिजे हे जोतिरावांनी ओळखलं होतं. १८६९ सालीच त्यांनी पोवाडे रचून छापले. सत्यशोधक जलसे उभे राहिले ते याच वाटेवर.

गुन्ह्याची गोष्टही अशीच आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली तो आपल्या इलाख्यालाही लागू होईल अशी तरतूद केली. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींतलं मूल जन्मलं की ते सरकारच्या लेखी गुन्हेगार! सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, रोज हजेरी लावली. हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आणखी पाच वर्षं.

सरकारने ज्याला दरोडेखोर म्हटलं, त्याला लोकांच्या पोवाड्याने वीर म्हटलं. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिली, पण पोवाड्यांत ते आजही जिवंत आहेत. अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ कादंबरी १९५९ साली लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटणारा मांग हा त्या कादंबरीचा नायक आहे. गुन्हा करणारा कोण आणि गुन्हेगार ठरवणारा कोण, हा प्रश्न आपल्या शाहिरांनी असा विचारला.

बालिष्टर

१९२३ साली बाबासाहेब विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. आपल्या म्हाताऱ्या आयाबायांना बॅरिस्टर हा शब्द काही उच्चारता येईना. त्यांनी त्याचा ‘बालिष्टर’ केला आणि जात्यावरच्या ओवीत घातला. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून लाखाच्यावर ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. तोपर्यंत वकील म्हणजे दुसऱ्यांचा माणूस, पैसे घेऊन आपल्याला कोड्यात टाकणारा. आता वकील आपल्या घरचा झाला, ओवीत भाऊ झाला. हा बदल लहान नाही.

गाणं आणि कोर्ट यांची गाठ लवकरच पडली. पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांचा छत्रपती मेळा गणेशोत्सवात पदं गात असे आणि त्या पदांनी शहर तापत असे. याच जवळकरांनी १९२५ साली ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक लिहिलं, त्यावर बदनामीचा खटला झाला आणि खालच्या कोर्टात शिक्षा लागल्या. अपिलात वकीलपत्र घेतलं बाबासाहेबांनी आणि १९२६ साली ते जिंकून दिलं. बहुजनांच्या शाहिराला आणि लेखकाला पाठीशी उभा राहणारा वकील मिळाला, हे लोकांनी पाहिलं.

पुढे नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि इतर अनेकांनी आंबेडकरी जलसे उभे केले. कर्डकांनी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवलं आहे, ते प्रत्येक वाचनालयात असलं पाहिजे. तमाशाचा साचा त्यांनी घेतला पण मसाला बदलला. गणात देवाऐवजी समतेला आणि बाबासाहेबांना वंदन, गवळणीतल्या थट्टेच्या जागी शिक्षणाची आणि स्वाभिमानाची बात. आणि सवाल-जवाब! एकाने विचारायचं, दुसऱ्याने अडवायचं, पुरावा मागायचा, शेवटी खोटं बोलणाऱ्याची बोलती बंद करायची. ही कोर्टातली उलटतपासणीच नव्हे काय? आमचं म्हणणं असं की आपल्या लोकांनी पहिली उलटतपासणी जलशाच्या फडात पाहिली.

दहा वर्षांचा खटला

आता मुद्द्यावर येतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. यावर किती गाणी आहेत त्याची मोजदाद नाही. आपल्या घरातल्या लहान पोरालाही ती तारीख पाठ आहे. पण १७ मार्च १९३७ ही तारीख किती जणांना ठाऊक आहे?

क्रम असा आहे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशाने चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे मार्च १९२७ ला आपले लोक तळ्यावर गेले ते ठरावाच्या आधाराने गेले. नंतर डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. या दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. हजारो माणसं महाडला जमली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, कोर्टातच लढायचं असं ठरलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तळ्याचा प्रश्न कोर्टावर सोपवला.

वादींचं म्हणणं होतं की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न जाण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे. १९३१ साली महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. १९३३ साली ठाण्याच्या जिल्हा कोर्टाने अपील फेटाळलं. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने सांगितलं की अशी अनादि वहिवाट वादींना शाबीत करता आलेली नाही. दावा दाखल झाल्यापासून सव्वानऊ वर्षं आणि पहिल्या ओंजळीपासून तीन दिवस कमी दहा वर्षं.

विचार करा, किती तारखा पडल्या असतील! किती साक्षी, किती कागद, किती खर्च! ओंजळभर पाणी प्यायला एक क्षण लागला, पण तो क्षण कायद्यात बसवायला दहा वर्षं लागली. गाण्याने तो क्षण जपला, हे त्याचे उपकार आहेत. पण ही दहा वर्षं गाण्यात फारशी आली नाहीत. त्यामुळे आपल्या पोरांना असं वाटतं की मोर्चा काढला की हक्क मिळतो. मोर्चा पाहिजेच. पण मोर्च्यानंतर कोर्टात चिकाटीने उभा राहणाराही पाहिजे.

गिरणगावातला कायदा

आम्ही गिरणीतले, म्हणून हेही सांगितलं पाहिजे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला तो एका विधेयकाविरुद्ध होता. औद्योगिक कलहाच्या त्या विधेयकाने संपाच्या हक्काला गळफास लागणार होता. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट तेव्हा एकत्र आले. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, अशी मांडणी बाबासाहेबांनी विधिमंडळात केली. तरी कायदा पास झाला. पुढे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला आणि एकाच मान्यताप्राप्त युनियनने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं असं झालं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात तो कायदा रद्द करा ही मागणी होती. आम्ही तेव्हा शाळकरी पोरं. कलम कोणतं ते कळत नव्हतं, पण चाळीच्या चौकात शाहिरांची गाणी ऐकून कायदा कोणाच्या बाजूचा आहे ते कळत होतं.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंच्या एका वगाचं नावच ‘बेकायदेशीर’ आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा अण्णा भाऊंनी त्याला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. गाण्यावर, नाटकावर बंदी घालण्याचं जुनं हत्यार म्हणजे इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली ती त्यानेच. इंग्रज गेले तरी हा कायदा २०१८ पर्यंत आपल्या पुस्तकात होता.

घटनेनंतर

२६ जानेवारी १९५० पासून गाण्याचा सूर बदलला. वामनदादा कर्डक यांचं उदाहरण घ्या. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, मुंबईत गिरणीत काम, अक्षरओळख मोठेपणी, आणि मग हजारो गाणी. २००४ साली ते गेले. त्यांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या कवी-गायकांनी घटना, मत आणि समता हे शब्द खेड्यापाड्यांत बायाबापड्यांच्या ओठावर आणले.

पण दुसरी बाजूही आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा जीव गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. ज्या गळ्यातून गाणं यायचं तो गळा असा संपला. आणि कोर्ट? गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली २००९ साली, बारा वर्षांनी, आणि नंतर तो जामिनावर बाहेर आला. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका कुटुंबातल्या चौघांना मारलं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने खुनाची शिक्षा दिली, पण अट्रॉसिटी कायदा लावला नाही. खैरलांजीवर गाणी झाली, माणसं रडली. पण अट्रॉसिटी का लागली नाही हे समजावून सांगणारं गाणं आमच्या कानावर आलेलं नाही.

२०१४ साली ‘कोर्ट’ नावाचा मराठी चित्रपट आला. त्यातल्या म्हाताऱ्या शाहिरावर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने जीव दिला. ती भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली, ते २०२१ साली करोनात गेले. चित्रपटातली गाणी शाहीर संभाजी भगत यांची. गाणं पिंजऱ्यात उभं राहिलं की काय होतं, ते त्यात पाहावं.

आणि योग पाहा. २० मार्च २०१८, म्हणजे महाडच्याच तारखेला, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अट्रॉसिटी कायदा ढिला झाला. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून कायदा पूर्ववत केला आणि १० फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम मान्य केलं. पुन्हा तेच दिसलं. रस्ता पाहिजे आणि कोर्टही पाहिजे.

आता आपण काय करायचं?

जयंतीला डी.जे. लागतो. त्यात बाबासाहेबांचा कोट आहे, टाय आहे, पेन आहे. पण पेनाने लिहिलं काय, ते नाही. आमची तरुण गायकांना हात जोडून विनंती आहे की एक गाणं असं करा ज्यात पोलीस ठाण्यात दिलेल्या खबरीची नक्कल फुकट मिळते हे सांगितलेलं असेल. अट्रॉसिटीचा तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही कलम ४ खाली शिक्षा आहे, साक्षीदाराला संरक्षण मागण्याचा हक्क कलम १५-अ ने दिला आहे, हे चालीत बसवा. जुन्या जलसेवाल्यांनी बोलेंचा ठराव चालीत बसवला असता तर आपण त्याला रुक्ष म्हटलं असतं का?

आणि विहाराच्या कमिटीला सुचवतो की वर्षावासात ग्रंथवाचन होतं, त्यात एक रविवार कायद्याच्या वाचनाला द्यावा. आपल्या वस्तीत आता शिकलेल्या मुली वकील होत आहेत. त्यांना बोलवा, आणि त्यांच्या शेजारी ढोलकीवाल्यालाही बसवा. एकीने कलम सांगावं, दुसऱ्याने ते लोकांच्या तोंडी बसवावं. आपला इतिहास हाच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!