तांब्याची रेघ

२००६ च्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सॅन्टा क्लाराला आले होते. बाबा सांगलीला शाळामास्तर होते, पण जीव सगळा रेडिओत. गल्लीतल्या निम्म्या घरांचे ट्रान्झिस्टर त्यांनी फुकटात दुरुस्त केले असतील. त्यामुळे ते येण्याआधी मी मुद्दाम चार शनिवार-रविवार खर्चून एक अँप्लिफायर बनवला होता. पीसीबीचा आराखडा माझा, ड्रिलिंग माझं, सोल्डरिंगही माझं. कुमार गंधर्वांची सीडी लावली, ऐटीत व्हॉल्यूम वाढवला. गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून "हूंऽऽऽ" असा घनगंभीर आवाज आला. बाबांनी डोळे मिटून तो जरा वेळ ऐकला आणि म्हणाले, "तंबोरा छान लागलाय रे. गाणं कधी सुरू व्हायचं?"

त्या तंबोऱ्याची ही गोष्ट. पण ती नीट कळायची तर थोडं मागे जायला हवं.

माझ्या अँप्लिफायरचा जीव होता एलएम३८८६ नावाची एक चिप. अकरा पायांची, काड्यापेटीहूनही लहान. योग्य व्होल्टेज आणि पुरेसं मोठं हीट सिंक दिलं, तर चार ओहमच्या स्पीकरला ६८ वॅट देते. बाबांच्या काळी एवढ्या ताकदीसाठी ट्रान्झिस्टरांची फौज लागायची आणि त्यातला एक जळला की तो शेजारच्या दोघांना घेऊन जायचा. इथे सगळं एका तुकड्यात, वर शॉर्ट सर्किट आणि अतिउष्णतेपासून संरक्षणही आतच.

हे एका रात्रीत झालं नाही. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरोल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅब्जचा एक तरुण इंजिनिअर हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाला होता. टेलिफोनचा आवाज दूर पोचवताना अँप्लिफायर तो विकृत करतात, यावर तो कित्येक वर्षं डोकं आपटत होता. बोटीतच त्याला सुचलं की बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत दिला, तर चूक स्वतःच स्वतःला खोडते. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्याने गणित मांडलं. हाच तो निगेटिव्ह फीडबॅक. आजही चिप अँप्लिफायर आवाज किती पटीने वाढवणार, हे दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर ठरतं, ते ब्लॅकसाहेबांच्या कृपेने.

पुढे १९६४ मध्ये माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, माउंटन व्ह्यूच्या फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलरने ७०२ हा एका चिपवरचा ऑपरेशनल अँप्लिफायर तयार केला. पुढच्याच वर्षी त्याचा ७०९ आला आणि तुफान चालला. नंतर विडलर सॅन्टा क्लाराच्या नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या कंपनीने एलएम३८० ही अडीच वॅटची ऑडिओ चिप काढली. युरोपातून टीबीए८१०, टीडीए२०३० आल्या. आपल्याकडच्या हौशी लोकांना ही नावं चांगलीच ठाऊक असतील. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॅशनलच्याच एलएम३८७५ आणि एलएम३८८६ आल्या.

तरीही 'शौकीन' मंडळी चिपला नाकं मुरडायची. चिप म्हणजे टीव्हीत आणि मोटारीत घालायची वस्तू, असा समज होता. त्याला १९९९ मध्ये धक्का दिला जपानच्या जुंजी किमुरा यांनी. त्यांच्या 'फोर्टी-सेव्हन लॅबोरेटरी'ने 'गेनकार्ड' नावाचा तळहाताएवढा अँप्लिफायर आणला. वेगळ्या पॉवर सप्लायसकट किंमत सुमारे ३,३०० डॉलर! लोकांनी उघडून पाहिलं तर आत काही डॉलरची एलएम३८७५. प्रत्येक चॅनलला जेमतेम नऊ सुटे भाग. कुणी फसवणूक म्हणालं, कुणी चमत्कार. किमुरांचा दावा मात्र भागांच्या किमतीबद्दल नव्हताच, तो अंतराबद्दल होता. आवाजाचा आतून बाहेर जायचा सगळा रस्ता ३२ मिलिमीटर, आणि फीडबॅकचा रस्ता फक्त ९ मिलिमीटर.

जगभरच्या हौशी लोकांनी त्याच्या नकला केल्या. त्या नकलांना नाव पडलं 'गेनक्लोन'. माझा अँप्लिफायर त्यांच्याच गोतावळ्यातला.

आता तुम्ही म्हणाल, चिप तीच, भाग तेच, मग तंबोरा कुठून आला? तर तो आला मी काढलेल्या रेघांमधून.

वायर म्हणजे नुसती वायर, तिला कशाला मोजायचं, असं मला वाटायचं. पीसीबीवरची रेघ म्हणजे चपटी केलेली वायर, एवढंच. ही कल्पना ज्याने रुजवली तो पॉल आइस्लर मूळचा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनिअर. १९३६ मध्ये तो लंडनला आला. १९४० मध्ये 'शत्रुदेशाचा नागरिक' म्हणून इंग्रजांनी त्याला नजरकैदेत टाकलं. सुटल्यावर त्याने एका छपाई कंपनीला आपली कल्पना पटवली. कागदावर शाई छापतात, तसं पाटीवर तांब्याचं सर्किट छापायचं. नको असलेलं तांबं आम्लाने खाऊन टाकायचं, हवं तेवढं ठेवायचं. असा छापील सर्किटवाला त्याचा रेडिओ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. पेटंटसाठी त्याने १९४३ मध्ये अर्ज केला.

आणि योगायोग बघा. आज आपण पीसीबीचा आराखडा कारखान्याला पाठवतो, त्या फाइलला 'गर्बर' म्हणतात. तो हाइंझ जोसेफ गर्बरही व्हिएन्नाचाच ज्यू. १९४० मध्ये आईबरोबर नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत आला. त्याच्या कंपनीने आराखडे प्रकाशाने फिल्मवर काढणारी यंत्रं बनवली आणि त्या यंत्रांची भाषा साऱ्या उद्योगाची भाषा झाली. एकाच गावातून परागंदा झालेल्या दोन माणसांनी जगातल्या प्रत्येक सर्किटच्या रेघा आखून दिल्या. परदेशात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून उगाचच जवळीक वाटली. अर्थात मी हौसेने आलो, ते जीव मुठीत धरून.

तर माझी रेघ. पीसीबीवरचा तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉन जाड असतो. त्यातली एक मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर लांब रेघ घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.०१ ओहम. नगण्य! पण पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सतत भरत नाहीत. विजेच्या प्रत्येक लाटेच्या टोकाला ते हिसका मारून भरतात. अमेरिकेत सेकंदाला १२० वेळा, भारतात १०० वेळा. अँप्लिफायर गप्प बसलेला असतानाही असा हिसका एक अँपिअरचा सहज असतो. म्हणजे त्या नगण्य रेघेवर १० मिलिव्होल्ट. आणि मी काय केलं होतं? जागा वाचवायला त्याच रेघेवर सीडी प्लेयरकडून येणाऱ्या नाजूक सिग्नलचं ग्राउंडही जोडलं होतं. चिपला बिचारीला काय कळणार! तिने ते १० मिलिव्होल्ट म्हणजे गाणंच समजून वीस पटीने वाढवले आणि इमानाने स्पीकरला दिले.

मी मात्र तेव्हा चिप बदलली, कपॅसिटर मोठे केले, ट्रान्सफॉर्मर लांब नेला. तंबोरा तसाच. बाबा तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाटी हातात घेतली आणि बोटाने रेघा चाचपत म्हणाले, "अरे, सांडपाणी आणि पिण्याचं पाणी तू एकाच पायपातून नेलंयस."

मग ते त्यांच्या पद्धतीबद्दल बोलू लागले. ते आईच्या नेलपॉलिशने तांब्यावर रेघा काढायचे आणि फेरिक क्लोराइडमध्ये पाटी बुडवायचे (स्वयंपाकघरातली एक बादली त्यापायी कायमची पिवळी झाली होती). तेव्हा रेघ हाताने काढायची, म्हणून प्रत्येक रेघेपाशी थांबून विचार करावा लागे, यातून काय वाहणार आहे? माझं सॉफ्टवेअर दोन टोकं जोडली की खूश व्हायचं. त्याच्या लेखी सगळं ग्राउंड एकच.

गंमत म्हणजे हे चिपच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. स्पीकरचं ग्राउंड आणि इनपुटचं ग्राउंड आपापल्या वेगळ्या वाटेने मूळ ठिकाणी न्या, असं कंपनीनेच स्पष्ट लिहिलं होतं. मी वॅटचे आलेख पाहिले आणि ते पान उलटलं.

बाबांनी ब्लेडने दोन ठिकाणी रेघ कापली. एका हिरव्या वायरने स्पीकरची परतीची वाट थेट मुख्य कपॅसिटरांपाशी नेली. इनपुटचं ग्राउंड वेगळ्या बारीक वायरने त्याच बिंदूला आणलं. सगळ्या वाटा एकाच चौकात मिळायच्या, पण रस्त्यात एकमेकींत मिसळायच्या नाहीत. याला इकडे 'स्टार ग्राउंड' म्हणतात. बटण दाबलं. शांतता. इतकी, की मला वाटलं चिप गेली. मग कुमार गायला लागले.

रेघांचे उपद्व्याप इथेच संपत नाहीत. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एडवर्ड चेरी यांनी दाखवून दिलं की अशा अँप्लिफायरमध्ये अधिक आणि उणे अशा दोन्ही पुरवठ्यांच्या वायरींतून लाटेचा अर्धा-अर्धाच भाग वाहतो. त्या तुटक प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या इनपुटच्या रेघेत शिरलं की आवाज बिघडतो. सर्किटच्या आकृतीत हा दोष दिसतच नाही, कारण आकृतीत अंतर नसतं. उपाय साधा आहे. त्या दोन वायरी एकमेकींना चिकटून न्यायच्या आणि इनपुटपासून दूर ठेवायच्या. किमुरांच्या ३२ मिलिमीटरमागेही मला हेच शहाणपण दिसतं.

२०११ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टर साडेसहा अब्ज डॉलरला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. बाबा २०१५ मध्ये गेले. आता घरबसल्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर आराखडा काढायचा, गर्बर फाइल पाठवायची आणि थोडक्या डॉलरांत पाच पाट्या दारात. मीही नवी पाटी करून घेतली. तिच्यात कापाकापी नाही, हिरवी वायर नाही, हूंकारही नाही. पण घरात वाजतो तो अजून जुनाच.

तुमच्यापैकी कुणी बनवणार असेल तर दोन गोष्टी सांगतो. एक, हूं ऐकू आला म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कधीही काढू नका. आवाज जाईल, पण एखाद दिवशी जीवही जाईल. दुसरी, संगणक उघडायच्या आधी कागद घ्या. कोणता प्रवाह कुठून निघतो आणि कुठल्या वाटेने घरी परततो, ते वेगवेगळ्या रंगांनी काढा. जाताना सगळे नीटच जातात. घोळ होतो तो परतीच्या वाटेवर.