तारापूरचा परवाना आणि सिनेटमधली दोन मते

२४ सप्टेंबर १९८०. अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक ठराव मतदानाला आला आणि ४६ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला गेला. ठरावाचा विषय होता आपल्या महाराष्ट्रातले एक वीजकेंद्र. तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठी भारताने मागितलेले युरेनियम द्यायचे की नाही, एवढाच प्रश्न होता. दोन सदस्यांनी बाजू बदलली असती, तर त्या इंधनाचा मार्ग त्या दिवशीच बंद झाला असता.

मित्रहो, आजचा धागा त्या परवान्याविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला वीज म्हटले की कोळसा आठवतो. वणीकडे गेलात की राजूरसारख्या जुन्या खाणी, कोळशाने भरलेले ट्रक आणि काळी पडलेली रस्त्याकडेची झाडे दिसतात. आपल्याकडे इंधन पायाखाली आहे. ते काढायलाही परवानगी लागते. पण ती देणारे सरकार आपलेच असते. तारापूरची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे.

१९५०च्या दशकाअखेरीस डॉ. होमी भाभांचा युक्तिवाद असा होता की, देशाचा बराचसा कोळसा बिहार-बंगालच्या पट्ट्यात आहे. तो मुंबई-गुजरातपर्यंत रेल्वेने वाहून आणण्यापेक्षा पश्चिम किनाऱ्यावर अणुवीज परवडेल. (विदर्भातही कोळसा होता, हे आपण वैदर्भीयांनी मनातल्या मनात नोंदवून पुढे जावे.) मुंबईच्या उत्तरेस समुद्रकाठी तारापूर ही जागा ठरली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

भाभांची स्वतःची दीर्घकालीन योजना नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याच्या अणुभट्ट्यांवर उभी होती. पुढे भारताने तीच वाट धरली. तारापूरसाठी मात्र त्यांनी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या निवडल्या. त्या लवकर उभ्या राहणार होत्या आणि अमेरिकेकडून सुमारे ८ कोटी डॉलरचे अत्यल्प व्याजाचे कर्ज मिळत होते. अणुवीज भारतात व्यवहार्य आहे, हे लवकर सिद्ध करणे भाभांना गरजेचे वाटत होते.

या निवडीत एक अट दडलेली होती. या अणुभट्ट्यांना ‘समृद्ध’ युरेनियम लागते. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ हा उपयोगी घटक ०.७ टक्के असतो. तो वाढवून दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास न्यावा लागतो. हे तंत्र त्या काळी मोजक्या देशांकडे होते आणि भारत त्यांत नव्हता. म्हणजे केंद्र आपल्या भूमीवर, चालवणारे अभियंते आपले, पण चुलीतले सरपण कायमचे परदेशी.

म्हणून ८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये करार झाला. मुदत ३० वर्षे. तारापूरला लागणारे सर्व समृद्ध युरेनियम अमेरिका देईल. भारत त्या केंद्रात दुसरे इंधन वापरणार नाही आणि या इंधनाचा अण्वस्त्रांसाठी उपयोग करणार नाही. वापरून झालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढायचे असेल, तर त्यावर पुरेशी देखरेख ठेवता येते असा निर्णय दोन्ही देशांनी मिळून घ्यायचा. हे शेवटचे कलम लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

बांधकाम १९६४ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. ही वीज महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात वाटली जाई. पुढे अमेरिकेतून आलेल्या समृद्ध युरेनियमपासून हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये इंधनाच्या जुड्या तयार होऊ लागल्या. पहिली काही वर्षे इंधनाचा परवाना ही केवळ कारकुनी बाब होती. अर्ज जाई, शिक्का बसे, माल निघे.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आजही वारंवार दिसतो. पोखरणच्या स्फोटातले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भ्याच्या सायरस या संशोधन अणुभट्टीतले होते. सायरस कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती आणि तिच्यासाठी लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले होते. तारापूरवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येत होते आणि १९६३च्या कराराचा भंग झाल्याचे कोणी सिद्ध केले नव्हते. पण जाब विचारायला अमेरिकेच्या हाती तारापूरच होते. सायरसचे जड पाणी देऊन झाले होते. तारापूरचे इंधन अजून द्यायचे होते.

योगायोग असा की, त्याच सुमारास अमेरिकेतले परवाना देणारे घरच बदलले. तोवर अणुऊर्जेचा प्रसार आणि तिच्यावरचे नियंत्रण ही दोन्ही कामे एकच आयोग करी. १९७४च्या कायद्याने तो मोडला आणि जानेवारी १९७५ पासून स्वतंत्र ‘न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन’ काम पाहू लागले. पाच सदस्यांचे हे मंडळ राष्ट्राध्यक्षांच्या इच्छेवर चालणारे नव्हते. अणुसामग्रीच्या निर्यातीचे परवानेही त्याच्याकडे आले.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या तीन संस्थांनी तारापूरच्या अर्जाला हरकत घेतली: नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल, सिएरा क्लब आणि युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स. आयोगाने त्यावर जाहीर सुनावणी घेतली. जरा थांबून पाहा: ठाणे जिल्ह्यातल्या एका केंद्राच्या इंधनावर वॉशिंग्टनमध्ये उघड वाद होत होता, कागदपत्रे दाखल होत होती, नागरिक प्रश्न विचारत होते. आपल्याकडे त्या वेळी अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेची तपासणी अणुऊर्जा खात्याच्याच समित्या करीत. स्वतंत्र अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन व्हायला १५ नोव्हेंबर १९८३ उजाडले. भारतीय वृत्तपत्रांनी त्या सुनावणीकडे राष्ट्राचा अपमान म्हणून पाहिले असेल, तर ते समजण्यासारखे आहे; तरी त्या पद्धतीत घेण्यासारखेही काही होते, असे मला वाटते.

१ जानेवारी १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीत आले. पंतप्रधान मोरारजी देसाई होते. पुन्हा अणुस्फोट करणार नाही असे मोरारजी म्हणत. पण भारताच्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख मान्य करायला ते तयार नव्हते. बड्या राष्ट्रांनी आधी स्वतःचे पाहावे, हा त्यांचा बाणा. कार्टर यांनी पाहुण्याच्या सौजन्याने युरेनियमचा एक हप्ता देण्याचे जाहीर केले. नंतर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी ते हळू आवाजात बोलले की, परत गेल्यावर मोरारजींना एक थंड आणि सडेतोड पत्र लिहिले पाहिजे. ध्वनिक्षेपक चालू होता. पत्रकारांनी सगळे ऐकले.

१० मार्च १९७८ रोजी कार्टर यांनी अण्वस्त्र प्रसारबंदीच्या नव्या कायद्यावर सही केली. नियम असा की, ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नाहीत, त्याला इंधन मिळणार नाही. जुन्या गिऱ्हाइकांना दोन वर्षांची सवलत. भारताचे म्हणणे सरळ होते: १९६३ च्या करारात ही अट नव्हती, मग १९७८ चा तुमचा अंतर्गत कायदा आमच्या करारावर कसा चालेल? कराराच्या भाषेत पाहिले तर भारताची बाजू भक्कम होती, याविषयी मला शंका नाही. पण आयोगाचे सदस्य काही भारत-अमेरिका मैत्रीचे राखणदार नव्हते. त्यांच्यासमोर त्यांच्या संसदेचा कायदा होता.

एप्रिल १९७८ मध्ये आयोगात मते २-२ अशी समसमान पडली. एक जागा रिकामी होती. परवाना निघाला नाही. काही दिवसांतच कार्टर यांनी अध्यक्षीय आदेश काढून युरेनियम पाठवायला मंजुरी दिली. मार्च १९७९ मध्ये पुढचा अर्ज ३-२ असा निसटता मंजूर झाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला आणि आयोगाला स्वतःच्या देशातल्या अणुभट्ट्यांची चिंता लागली.

या काळात तारापूरला उघड ‘नाही’ कोणीच म्हटले नव्हते. खरा त्रास तोच होता. ‘नाही’ म्हटले असते, तर भारताला करार मोडला असे जाहीर करून दुसरी वाट धरता आली असती. अर्ज पडून राहिला की करार जिवंत राहतो, बंधने कायम राहतात. फक्त माल येत नाही. असलेले इंधन पुरवून पुरवून वापरायची वेळ आली आणि तेव्हा महाराष्ट्रात विजेची मुबलकता होती असे नव्हे.

भारताच्या हातीही एक पत्ता होता, आणि तो तारापूरच्याच पाण्याच्या टाक्यांत पडून होता. जळालेल्या इंधनात प्लुटोनियम असते आणि तारापूरला पुनर्प्रक्रियेचा कारखानाही उभा होता. अमेरिकेने करार मोडला तर त्या इंधनावरची बंधनेही संपतील, असा भारताचा पवित्रा होता. बंधने कधीच संपत नाहीत, असे अमेरिका म्हणे. पण याची परीक्षा घ्यायची तिचीही तयारी नव्हती. म्हणून पुरवठा तोडायलाही ती कचरत होती.

१९८० मध्ये गाठ आवळली. दोन वर्षांची सवलत मार्चमध्ये संपली. मे महिन्यात आयोगाने, या वेळी पाचही सदस्यांनी एकमताने, दोन अर्जांवर परवाना देता येत नाही असा निर्णय दिला. दोन्ही मिळून सुमारे ३८ टन इंधनाचा प्रश्न होता. मात्र डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या, जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या होत्या आणि भारत आणखी दुरावावा असे अमेरिकेला वाटत नव्हते. १९ जूनला कार्टर यांनी आपल्याच सहीच्या कायद्यातली पळवाट वापरून निर्यातीचा आदेश काढला.

हा आदेश अडवायचा, तर दोन्ही सभागृहांनी विरोधी ठराव करायला हवा होता. १८ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने तो २९८ विरुद्ध ९८ मतांनी केला. उरले सिनेट. तिथे विरोधाचे नेतृत्व करणारे जॉन ग्लेन तुम्हाला वेगळ्या कारणासाठी ठाऊक असतील: पृथ्वीप्रदक्षिणा घालणारे पहिले अमेरिकन अंतराळवीर. १९७८च्या कायद्याच्या शिल्पकारांपैकी ते एक. स्वतःच केलेल्या कायद्याला पहिल्याच कसोटीत अपवाद करायचा असेल तर तो केला कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो बिनतोड होता. दुसऱ्या बाजूला परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष फ्रँक चर्च उभे राहिले. पुरवठा थांबला तर जळालेल्या इंधनावरची देखरेखही हातची जाईल, ही भीती कार्टरपक्षाच्या कामी आली. ४६ विरुद्ध ४८.

पहिला हप्ता आला. दुसरा कधीच आला नाही. पुन्हा तेच: नकार नाही, माल नाही.

शेवटी तोड निघाली ती जुलै १९८२ मध्ये, इंदिरा गांधींच्या वॉशिंग्टन भेटीत. रेगन सरकारने मान्य केले की १९६३ चा करार तसाच राहील, पण युरेनियम फ्रान्स देईल. जळालेले इंधन देखरेखीखालीच राहणार होते. फ्रान्सशी व्यवहार त्याच वर्षी पक्का झाला. कागदावर अमेरिकेचा करार आणि अणुभट्टीत फ्रान्सचे इंधन, अशी विचित्र व्यवस्था ११ वर्षे चालली.

२४ ऑक्टोबर १९९३ रोजी कराराची मुदत संपली. तोवर सर्व केंद्रांवर देखरेखीची अट फ्रान्सनेही स्वीकारली होती, म्हणून त्याचाही पुरवठा थांबला. मग आपल्या शास्त्रज्ञांनी युरेनियम-प्लुटोनियम मिश्र इंधनाच्या काही जुड्या तारापूरच्या अणुभट्ट्यांत घालून पाहिल्या. १९९५ मध्ये समृद्ध युरेनियम आले ते चीनकडून, हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावतील. २००१ मध्ये रशियाने पाठवले आणि अमेरिकेने त्याला हरकत घेतली. मार्च २००६ मध्ये रशियाने पुन्हा ६० टन देण्याचे मान्य केले. तोवर अणुसहकार्याच्या नव्या समझोत्यावर दिल्लीत मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचे हस्तांदोलन झाले होते. तारापूरची पहिल्या दोन अणुभट्ट्यांतली जळालेली जुडी मात्र तेव्हाही पाण्याखालीच होती.