गिरणगांवांतील वास्तु

आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाचें देवालय पाहणारास खालचें यादवकालीन दगडी काम व त्यावरील उत्तरकालीन बांधणी असे दोन काळ एकाच वास्तूंत वाचतां येतात. तीच दृष्टि मुंबईच्या गिरणगांवाकडे वळविण्यास प्रत्यवाय नसावा. पोथ्या व ताम्रपट जमविणारांस हा विषय अर्वाचीन वाटेल. परंतु तेथील साधनें ताम्रपटांहून वेगानें नष्ट होत आहेत.

कावसजी नानाभाई दावर यांनीं इ. स. १८५४ त ताडदेवच्या गिरणीसाठीं कंपनी स्थापिली. १८५६ त सूत निघूं लागलें. पुढें परळ-लालबागेंत ज्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांच्या साचेखात्यांवर करवतीच्या दात्यांसारखीं छपरें घालीत. दात्याची उभी बाजू कांचेची व उत्तराभिमुख असे. साच्यावर थेट ऊन पडूं नये, पण उजेड दिवसभर सारखा मिळावा, हा हेतु. देवालयाचें मुख देवतेवरून ठरतें. येथें तें धाग्यावरून ठरलें.

वस्तीची साक्ष याहून बोलकी आहे. जुन्या लांकडी चाळींस बाहेरून सज्जा असे, आणि एकेका खोलींत पाळीपाळीनें निजणाऱ्या गांवकऱ्यांचा निम्मा दिवस तेथेंच जाई. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ त इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. मजल्यास वीस खोल्या, दहा-दहा समोरासमोर, मध्यें बोळ. खोली सुमारें १६० चौरस फूट. सज्जा गेला, त्याबरोबर वाराही गेला. या सुधारणेचें खरें मोल तो अंधारा बोळच सांगतो, असें आमचें मत आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या नियमानें गिरणीच्या जमिनीचे महापालिका, गृहनिर्माण मंडळ व मालक यांत वांटे व्हावयाचे होते. २००१ च्या दुरुस्तीनें केवळ मूळची मोकळी जमीन वांट्यास उरली. इमारत पाडून सुटलेली भूमि त्यांतून निसटली. २००६ त सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती कायम केली. जुन्या वास्तूंस ती घातकच ठरली.

परळच्या ट्रस्टच्या चाळींत ५० व ५१ क्रमांकांच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ पर्यंत राहिले, म्हणून ती चाळ सर्वांस ठाऊक आहे. इतर खोल्यांचा वृत्तांत हजेरीपत्रकें, खानावळींच्या वह्या व भाडेपावत्या यांतूनच काढावा लागेल. हे कागद कोंकणांतील व घाटावरील घरांच्या पेट्यांतून शोधावे. भाडेपावतीवर खोलीचा क्रमांक व तारीख असते. तेवढ्यावरून पाडलेल्या चाळींतील वस्तीचा क्रम पुन्हां मांडतां येईल.