शाळकरी उदाहरणांतील खंडी, मण व धारण

जुनीं दप्तरें उघडतांना सनदा, महजर, वतनपत्रें हातीं लागलीं म्हणजे संग्राहक त्यांस जपून ठेवितात. त्याच रुमालांत एखाद्या पोराची हिशेबाची वही निघाली, तर ती मात्र बहुधा रद्दीच्या वाटेस लागते. या वहीचेंही ऐतिहासिक मोल आहे, पण तें नेमकें कशांत आहे व कशांत नाहीं, हें दाखविण्याचा आम्ही येथें प्रयत्न करीत आहों.

व्यवहारांतील प्रश्न घालून गणित शिकविण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमारास रचिलेल्या लीलावतींत आरंभींच नाण्यांचीं व मापांचीं कोष्टकें दिलीं आहेत: २० वराटकांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म व १६ द्रम्मांचा निष्क. आधीं कोष्टक व मग प्रश्न, हाच क्रम पुढें पंतोजींच्या शाळांतून टिकला. चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला होता, असें त्यावरून कळतें. म्हणजे गणिताच्या अध्यापनाची परंपरा या प्रदेशास परकी नव्हती.

पंतोजींच्या शाळेंत धुळपाटीवर अक्षरें गिरवून झालीं कीं पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांची घोकणी होई, आणि मग तोंडी हिशेब येत. इ. स. १८२२ मध्यें मुंबईस शाळापुस्तक मंडळी निघाली. तिच्यासाठीं कप्तान जॉर्ज जर्व्हिस यांनीं मराठींत गणिताचीं पुस्तकें तयार केल्यावर हे हिशेब छापील पानावर येऊं लागले.

आतां निफाड तालुक्यांतील पिंपळगांव बसवंतसारख्या, मुंबई-आग्रा रस्त्यावरील बाजारपेठेच्या गांवास शोभेल असें एक उदाहरण आम्हीच रचून घेतों. एका कुणब्याच्या खळ्यावर ३ खंडी, ७ मण, ५ पायल्या गहूं झाला, तर एकूण पायल्या किती? २० मणांची खंडी व १२ पायल्यांचा मण धरिल्यास ६७ मण होतात. त्यांच्या ८०४ पायल्या, वर ५ मिळून ८०९. परंतु सर्वत्र एकच मण चालत नसे. कोठें १६ पायल्यांचाही मण धरीत. त्या हिशेबानें उत्तर १०७७ येतें. शब्द तेच, आंकडे तेच, पण उत्तरांत २६८ पायल्यांचें अंतर पडलें! जुन्या कागदांत ‘कैली बारुले मापें’ असा खुलासा आढळतो तो याचसाठीं. जेथें असा खुलासा नाहीं, तेथें त्याच गांवच्या पोराच्या वहींतील सोडविलेलें एक उदाहरण वसुलाच्या आंकड्यांचा अर्थ लावावयास उपयोगी पडेल. कारण उत्तरावरून कोष्टक उलट काढतां येतें.

मात्र भावाच्या बाबतींत सावध राहिलें पाहिजे. ‘धारण रुपयास ८ पायल्या, तर ९६ पायल्यांस रुपये किती?’ या प्रश्नाचें उत्तर १२ येतें. तें पूर्णांकांत यावें म्हणूनच रचणारानें ८ व ९६ हे आंकडे निवडिले. बाजारांत भाव असे निःशेष भागले जाण्यासाठीं ठरत नाहींत. यास्तव शाळकरी वहींतील धारण हा त्या वर्षींच्या महागाईचा पुरावा धरूं नये.

तथापि प्रश्नाची घडण हा पुरावा आहे. जुन्या उदाहरणांत रुपया स्थिर व धान्य कमीजास्त असे. ‘रुपयास किती पायल्या’ असें विचारीत. आज पिंपळगांवच्या बाजार समितींत कांद्याचा लिलाव क्विंटलास किती रुपये या बोलीनें होतो, व शाळेच्या पुस्तकांतील प्रश्नही त्याच वळणाचे असतात. येथें माल स्थिर असून रुपया हलतो. नाण्याची गोष्टही तशीच. १६ आण्यांच्या रुपयाचे १ एप्रिल १९५७ पासून १०० नये पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं. शेर, मण व आणे ज्या वहींत आहेत, ती बहुधा या पालटापूर्वींची असा अंदाज बांधतां येतो; मात्र जुनें पुस्तक पुढेंही वापरलें गेलें असेल, हें विसरतां कामा नये.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, अशी वही मिळाल्यास ती टाकूं नये. ती कोणत्या गांवीं व कोणत्या रुमालांत निघाली तें प्रथम लिहून ठेवावें. नंतर कोष्टकें, सोडविलेलीं उत्तरें व धारणेची घडण उतरून घ्यावी. दंडांनीं दाखविलेले पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक नकलेंत गळूं देऊं नयेत. जुन्या मापांचा व्यवहार आतां राहिला नाहीं, आणि प्रत्येक गांवची पायली स्वतः मोजून सांगणारेही दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांच्यामागें पोरांच्या या वह्याच साक्षीला उरतील.